वजनाचा आकडा पुरेसा नाही: झिर्कोनियम डायबोराइडची ऑक्सिडेशन चाचणी कशी करावी आणि कशी वाचावी

हायपरसॉनिक, म्हणजे ध्वनीच्या पाचपटींहून वेगवान, वाहनाचं नाक आणि पंखांची पुढची धार अणकुचीदार असेल तर हवेचा रोध कमी होतो, पण उष्णतेचा मारा वाढतो. हा मारा टोकाच्या त्रिज्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या एक चतुर्थांश केली की मारा दुप्पट होतो. अशा धारेसाठी १९६० च्या दशकात अमेरिकी हवाई दलाच्या पैशातून मॅनलॅब्स या कंपनीत डायबोराइडांवर, म्हणजे धातू आणि बोरॉनच्या संयुगांवर, मोठं काम झालं. झिर्कोनियम किंवा हाफनियम डायबोराइडमध्ये घनफळाने २० टक्के सिलिकॉन कार्बाइड घालायचं, ही आजही सगळीकडे वापरात असलेली कृती त्याच काळातली.

हा लेख पदार्थविज्ञान किंवा सिरॅमिक्समध्ये एम.टेक., पीएच.डी. करणाऱ्यांसाठी आहे. ज्यांच्याकडे पावडर दाबून-तापवून घट्ट करणारं एक हॉट प्रेस किंवा स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंगचं यंत्र, एक बॉक्स फर्नेस (भट्टी) आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर थोडी वेळ आरक्षित करायची सोय आहे, त्यांना एवढ्यावर चांगलं काम करता येतं. या क्षेत्रात बरेच निष्कर्ष नुसत्या वजनवाढीवर काढले जातात, आणि या पदार्थाच्या बाबतीत वजन सरळसरळ फसवतं. ते का फसवतं आणि त्याऐवजी काय मोजायचं, हा या लेखाचा गाभा आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. सर्वांत जास्त वितळणबिंदू असलेला पदार्थ सर्वांत चांगला, असं अनेकांना वाटतं. हाफनियम कार्बाइड आणि टँटॅलम कार्बाइड ३८०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहूनही वर वितळतात, तर झिर्कोनियम डायबोराइड साधारण ३२४५ अंशांना. पण हवेत टिकण्याचा प्रश्न आला की कार्बाइडं मागे पडतात. त्यांच्या ऑक्सिडेशनमध्ये कार्बन मोनॉक्साइड वायू सुटतो, तो बाहेर पडताना ऑक्साइडचा थर सच्छिद्र करून जातो आणि त्या छिद्रांतून ऑक्सिजन आत शिरत राहतो. टँटॅलमचा ऑक्साइड तर १९०० अंशांच्या आतच वितळतो. म्हणून पदार्थ निवडताना त्याचा ऑक्साइड किती अंशांना वितळतो, घट्ट बसतो का आणि वायू किती सोडतो हे आधी बघावं.

पहिली पायरी: परिस्थिती ठरवा

‘उच्च तापमानाला ऑक्सिडेशन’ हे चाचणीचं उद्दिष्ट होऊ शकत नाही. तापमान, ऑक्सिजनचा आंशिक दाब आणि वेळ, हे तीन आकडे वहीत लिहून मगच फर्नेसकडे जा.

एक उदाहरण घेऊ. भारताच्या डीआरडीओने ७ सप्टेंबर २०२० रोजी एचएसटीडीव्ही या स्क्रॅमजेट (ध्वनीहून वेगवान हवेच्या प्रवाहात इंधन जाळणारं इंजिन) वाहनाची चाचणी घेतली. सुमारे ३० किलोमीटर उंची, ध्वनीच्या सहापट वेग (मॅक ६) आणि २० सेकंदांहून जास्त काळ इंजिनाचं ज्वलन. त्या उंचीवर हवा उणे ४७ अंशांच्या आसपास असते. मॅक ६ ला ती धारेसमोर पूर्ण थांबली, तर आदर्श वायूच्या सूत्राने तिचं तापमान सुमारे १५८० अंशांवर जातं. मॅक ८ ला हेच सूत्र २८०० च्या वरचा आकडा देतं. प्रत्यक्षात तो बराच कमी भरतो, कारण ऊर्जेचा काही भाग रेणूंच्या कंपनात आणि विघटनात खर्च होतो. शिवाय पृष्ठभाग स्वतः उष्णता बाहेर फेकत असतो, म्हणून धारेचं तापमान त्याहूनही खाली राहतं.

दाबाचं गणित अनेकजण करतच नाहीत. ३० किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या सव्वा टक्क्याहूनही कमी, जेमतेम १.२ किलोपास्कल असतो. पण मॅक ६ च्या धक्कालहरीमागे थांबलेल्या हवेचा दाब त्याच्या ४७ पट होतो, म्हणजे ५६ किलोपास्कल, साधारण अर्धं वातावरण. त्यामुळे अशा उड्डाणासाठी उघड्या हवेतली फर्नेस अगदीच गैरलागू नाही. अंतराळातून परतणाऱ्या वाहनाचं मात्र वेगळं आहे. तिथे मुख्य तापणं फार उंचावर, फार कमी दाबाला होतं आणि ऑक्सिजनचे रेणू तुटून अणू झालेले असतात. बॉक्स फर्नेसचा निकाल तिथे लावायला जाऊ नका.

दुसरी पायरी: पावडर

झिर्कोनियम डायबोराइडची घनता ६.०९ आणि सिलिकॉन कार्बाइडची ३.२१ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. घनफळाने २० टक्के सिलिकॉन कार्बाइड म्हणजे वजनाने फक्त ११.६ टक्के. १०० ग्रॅमच्या घाण्यासाठी ८८.४ ग्रॅम डायबोराइड आणि ११.६ ग्रॅम कार्बाइड घ्यायचं. कुठलाही जुना शोधनिबंध वाचताना त्यातले टक्के वजनाचे की घनफळाचे हे आधी पाहा, नाहीतर तुलना पहिल्या ओळीतच चुकेल. या मिश्रणाची सैद्धांतिक घनता ५.५१ येते.

पावडरीच्या कणांवर आधीपासूनच ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तो सिंटरिंगच्या आड येतो. त्यावर थोडा कार्बन किंवा बोरॉन कार्बाइड घालणं हा रुळलेला उपाय आहे. दळण्यासाठी टंगस्टन कार्बाइडचे गोळे वापरत असाल तर दळण्याआधी आणि नंतर गोळ्यांचं वजन करा. जेवढी घट तेवढं टंगस्टन कार्बाइड तुमच्या मिश्रणात आलं. टंगस्टनमुळे झिर्कोनियाचा थर जास्त घट्ट बसतो आणि ऑक्सिडेशन कमी होतं, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे ही ‘अशुद्धी’ तुमचा निकाल सुधारू शकते, आणि ती नोंदवली नाही तर श्रेय भलत्याच घटकाला जाईल. दळणं इथेनॉल किंवा आयसोप्रोपॅनॉलमध्ये करा. सुकवताना सतत ढवळत राहा, कारण दोन पावडरींच्या घनता वेगळ्या असल्याने त्या थरांत वेगळ्या होतात.

बोराइडच्या पावडरीबद्दल मराठी वाचकांना जवळचा संदर्भ म्हणजे मुंबईतलं भाभा अणुसंशोधन केंद्र. तिथल्या गटाने झिर्कोनियम आणि हाफनियम डायबोराइड तयार करणं आणि घट्ट करणं यावर बरेच निबंध प्रसिद्ध केले आहेत. ते जरूर वाचा, कारण त्यात कृतीचे तपशील मोकळेपणाने दिलेले असतात.

तिसरी पायरी: वडी घट्ट करा

पावडर ग्रॅफाइटच्या डायमध्ये (साच्यात) भरून साधारण १९०० अंश आणि ३० मेगापास्कल, निर्वात किंवा आर्गॉन. हॉट प्रेससाठी ही नेहमीची सुरुवात. स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंगमध्ये वेळ खूपच कमी लागतो. आर्किमिडीजच्या पद्धतीने घनता काढा. सैद्धांतिक घनतेच्या ९८ टक्क्यांच्या खाली असलेल्या वडीवर ऑक्सिडेशनचं काम करू नये असं माझं ठाम मत आहे. उघडी छिद्रं असली की ऑक्सिजन आतून खातो आणि तुम्ही पृष्ठभागाचं क्षेत्रफळ मोजत बसता.

वडीची घडण किती महत्त्वाची असते याचं उदाहरण नासाच्या एम्स केंद्राच्या ‘शार्प’ या धारदार नाक आणि धारांच्या उड्डाण चाचण्यांत मिळतं. १९९७ मध्ये पहिल्या उड्डाणात डायबोराइडचं ३.६ मिलिमीटर त्रिज्येचं नाक बसवलं होतं. २००० साली दुसऱ्या उड्डाणात धारदार पट्ट्या बसवल्या आणि त्या परत मिळवून तपासल्या. काही पट्ट्या तडकलेल्या निघाल्या. पुढच्या तपासात पदार्थाची सदोष घडण, म्हणजे पावडरीचे मोठे गठ्ठे तसेच राहणं, हे कारण पुढे आलं.

चौथी पायरी: सँपल कापा आणि तयार करा

डायबोराइड विजेचं चांगलं वाहक असल्याने वायरकटवर (विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या तारेच्या यंत्रावर) सहज कापलं जातं. पण वायरकटमुळे पृष्ठभागावर वितळून थिजलेला, बारीक तडे गेलेला थर राहतो आणि त्यात पितळी तारेतलं तांबं, जस्तही मिसळलेलं असतं. तो पूर्ण ग्राइंड करून काढा. डायच्या बाजूचा ग्रॅफाइट लागलेला थरही तसाच काढायचा. सगळ्या सहा बाजू सारख्याच, १ मायक्रॉनपर्यंत पॉलिश करा आणि कडा हलक्या हाताने मारून घ्या. धारदार कोपऱ्यावर ऑक्सिजन दोन-तीन बाजूंनी येतो, त्यामुळे तिथला थर नेहमी जाड असतो.

लांबी, रुंदी, जाडी मायक्रोमीटरने प्रत्येकी किमान तीन ठिकाणी मोजा. सुरुवातीची जाडी नोंदवायची राहिली तर शेवटी सर्वांत मोलाचा आकडा हातून गेला असं समजा. मग अ‍ॅसिटोनमध्ये अल्ट्रासॉनिक, ओव्हनमध्ये सुकवणं आणि किमान ०.१ मिलिग्रॅमच्या काट्यावर वजन.

पाचवी पायरी: फर्नेस

मॉलिब्डेनम डायसिलिसाइडच्या हीटरची फर्नेस १६०० ते १७०० अंशांपर्यंत चालते. सँपल कशावर ठेवायचं हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. ऑक्सिडेशनमध्ये तयार होणारं बोरॉन ऑक्साइड ४५० अंशांनाच वितळतं आणि सिलिकाबरोबर काच बनवतं. ही काच अ‍ॅल्युमिनाच्या बोटीला चिकटते, तिला विरघळवते आणि अ‍ॅल्युमिना आपल्या काचेत येऊन तिचा घट्टपणा बदलतो. प्लॅटिनमला तर हात लावू नका. सिलिकॉन आणि बोरॉन त्याच्याशी कमी तापमानाला वितळणारी संयुगं करतात आणि महागडी क्रूसिबल भोक पडून वाया जाते. यिट्रियाने स्थिर केलेल्या झिर्कोनियाचा आधार, तोही फक्त दोन-तीन टोकांवर टेकेल असा, हा सगळ्यांत कमी त्रासाचा मार्ग.

एका वेळी एकच सँपल ठेवा. बोरॉन ऑक्साइडची वाफ फर्नेसभर फिरते आणि शेजारच्या सँपलवर बसते. शेजारी नुसत्या सिलिकॉन कार्बाइडचा तुकडा असेल तर त्याचं ऑक्सिडेशन या वाफेने वाढतं. फर्नेस सामायिक असेल तर बोराइडच्या फेरीनंतर रिकामी फर्नेस तापवून घ्या आणि नोंदवहीत पुढच्या माणसासाठी तसं लिहून ठेवा.

तापमान चढवण्याचा वेग हा सर्वाधिक दुर्लक्षित भाग. मिनिटाला ५ अंशांनी १५०० पर्यंत जायला जवळजवळ पाच तास लागतात. तेवढ्या वेळात ८०० ते १२०० अंशांच्या पट्ट्यात भरपूर ऑक्सिडेशन होऊन जातं आणि तुमची ‘१५०० अंशांना एक तास’ ही चाचणी भलत्याच गोष्टीची होते. आर्गॉनमध्ये तापवून मग हवा सोडावी, असं सुचवलं जातं. पण आर्गॉनमध्ये थोडासाच ऑक्सिजन असला की सिलिकॉन कार्बाइड संरक्षक सिलिका न बनवता सिलिकॉन मोनॉक्साइड वायू होऊन उडतं. त्यापेक्षा खालून उघडणाऱ्या फर्नेसमध्ये सँपल गरम फर्नेसमध्ये चढवणं चांगलं, अर्थात ते थर्मल शॉक सोसत असेल तर. मिशिगन विद्यापीठात कार्ल्सडॉटिर आणि हॅलोरन यांनी पातळ पट्टीतून थेट वीज सोडून काही सेकंदांत तापवण्याची पद्धत वापरली. छोट्या प्रयोगशाळेला ती परवडणारी आहे.

तापमान सँपलपासून शक्य तितकं जवळ मोजा. बी प्रकारचं थर्मोकपल १७०० अंशांपर्यंत चालतं, त्याहून वर पायरोमीटर (दुरून, प्रकाशावरून तापमान मोजणारं उपकरण). पायरोमीटर दोन तरंगलांबींचा घ्या, कारण राखाडी बोराइडवर आधी काच आणि नंतर पांढरा झिर्कोनिया येतो, तशी उत्सर्जनक्षमता बदलत जाते.

सहावी पायरी: कोणत्या तापमानाला काय घडतं

झिर्कोनियम डायबोराइडचं ऑक्सिडेशन झालं की झिर्कोनिया आणि बोरॉन ऑक्साइड मिळतं. साधारण १००० ते ११०० अंशांपर्यंत वितळलेलं बोरॉन ऑक्साइड झिर्कोनियाच्या छिद्रांत भरून राहतं आणि थर वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे, म्हणजे मंदावत मंदावत वाढतो. त्याहून वरच्या तापमानाला त्याची वाफ होणं जोर धरतं. १४०० च्या पुढे बोरॉन ऑक्साइड तयार होतं त्याहून वेगाने उडतं, मागे सच्छिद्र झिर्कोनिया उरतो आणि नुसत्या डायबोराइडचं संरक्षण संपतं.

इथे सिलिकॉन कार्बाइड कामाला येतं. १२०० च्या वर त्याची सिलिका बोरॉन ऑक्साइडशी मिळून काच करते. ही काच पृष्ठभागावर पसरते, भेगा भरते आणि १६०० च्या आसपासपर्यंत ऑक्सिजन अडवून धरते. थराच्या तळाशी मात्र ऑक्सिजन इतका कमी असतो की तिथलं सिलिकॉन कार्बाइड वायू होऊन निघून जातं आणि मूळ पदार्थाच्या वरच एक पोकळ पट्टा तयार होतो. धार पुढे सोलून निघते ती बहुतेकदा याच पट्ट्यातून. १७०० च्या पुढे सिलिकाही टिकत नाही आणि सगळा भार झिर्कोनियाच्या सांगाड्यावर येतो.

थंड होताना आणखी एक प्रकार घडतो. १००० अंशांच्या आसपास झिर्कोनियाचे स्फटिक टेट्रागोनलमधून मोनोक्लिनिक होतात आणि घनफळ चार-पाच टक्क्यांनी वाढतं. म्हणून थंड सँपलमध्ये दिसलेली प्रत्येक भेग गरम असताना होतीच असं समजू नका. हाफनियम ऑक्साइडमध्ये हाच बदल बराच वर, १६५० ते १७०० च्या पट्ट्यात होतो. हाफनियम डायबोराइड जवळपास दुप्पट जड आणि कितीतरी महाग असूनही लोक त्याच्याकडे वळतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

सातवी पायरी: वजन करा, पण विश्वास छेदावर ठेवा

नुसत्या डायबोराइडचा १ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग १०० मायक्रॉन खोल खाल्ला गेला असं धरा. ६०.९ मिलिग्रॅम पदार्थ गेला. सगळं बोरॉन ऑक्साइड थरात राहिलं तर वजन ४३ मिलिग्रॅमने वाढेल. सगळं उडून गेलं तर वाढ फक्त ५.६ मिलिग्रॅम. नुकसान तेच, पण आकड्यांत साडेसात पटींहून जास्त फरक. आता २० टक्के सिलिकॉन कार्बाइड असलेलं सँपल घ्या. बोरॉन ऑक्साइड सगळं गेलं आणि सिलिका सगळी राहिली तर ७.७ मिलिग्रॅमची वाढ. सिलिकॉनही वायू होऊन गेलं तर उलट जवळजवळ २ मिलिग्रॅमची घट. म्हणजे अधेमधे कुठेतरी वजनात काहीच बदल न दिसता १०० मायक्रॉन धार नाहीशी झालेली असू शकते. पोत्यात वरून धान्य पडतंय आणि खालून सांडतंय, तेव्हा पोत्याचं वजन सांगून काही कळत नाही. १४०० अंशांवरच्या चाचणीत कमी वजनवाढ दाखवून ‘उत्तम प्रतिरोध’ असं लिहिलेलं दिसलं, तर त्या निबंधात छेदाचा, म्हणजे सँपल आडवं कापून दिसणाऱ्या थरांचा, फोटो शोधा.

छेद घेण्याची रीत सांभाळून करावी लागते. बोरॉन ऑक्साइड पाण्यात विरघळतं आणि हवेतल्या दमटपणानेही बोरिक अ‍ॅसिड होतं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात सँपल रात्रभर टेबलावर राहिलं तर सकाळी पृष्ठभागावर पांढुरकी साय आलेली दिसू शकते. फर्नेसमधून काढल्याबरोबर वजन करा, फोटो घ्या आणि डेसिकेटरमध्ये ठेवा. कापण्याआधी निर्वातात इपॉक्सी भरून घ्या, नाहीतर थर करवतीखालीच सुटून येईल. कापताना आणि पॉलिश करताना पाणी वापरायचं नाही. तेल किंवा अल्कोहोलमधली डायमंड पेस्ट घ्यायची.

१५०० अंशांवरून आलेल्या सँपलचा पृष्ठभाग चकचकीत, कुठेकुठे फुटलेल्या बुडबुड्यांच्या खळग्यांचा असतो. काही ठिकाणी गोल नक्षी दिसते: मधोमध पांढऱ्या झिर्कोनियाचा ठिपका, भोवती काच. खालून वर येणाऱ्या द्रवाने झिर्कोनिया विरघळवून आणला आणि बोरॉन ऑक्साइड उडाल्यावर तो तिथेच टाकला, त्याची ही खूण. छेदात वरून खाली गडद काच, काच भरलेला उजळ झिर्कोनिया, मग काळ्या छिद्रांचा पोकळ पट्टा आणि शेवटी न बिघडलेला पदार्थ, असे थर दिसतात. प्रत्येक थराची जाडी कडांपासून दूर, किमान वीस ठिकाणी मोजा आणि सरासरीबरोबर पसाराही द्या. सुरुवातीच्या जाडीतून न बिघडलेल्या गाभ्याची जाडी वजा करून दोनने भागली की एका बाजूची खरी झीज मिळते. अहवालात पहिला हा आकडा यावा, वजन त्याच्या खाली.

ईडीएसवर (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवरचा, एक्स-रेच्या ऊर्जेवरून मूलद्रव्य ओळखणारा डिटेक्टर) बोरॉनचा आकडा मागू नका. बोरॉनची रेषा फार कमी ऊर्जेची असते आणि तिला झिर्कोनियमची एक रेषा खेटून असते. बोरॉन हवाच असेल तर तरंगलांबीवर चालणारा डिटेक्टर लागतो. एक्स-रे डिफ्रॅक्शन फक्त वरच्या काही मायक्रॉनांचं सांगतं आणि काच त्यात शिखर देत नाही. थोडं थोडं घासून पुन्हा स्कॅन घेतला तर थरांचा क्रम पक्का होतो.

वेग काढायचा असेल तर प्रत्येक वेळेसाठी वेगळं सँपल वापरा. एकच सँपल थंड करून, वजन करून परत आत ठेवलं की ती चक्रीय चाचणी झाली, कारण दर थंडाव्यात झिर्कोनिया तडकतो. आणि १००० ते १६०० अंशांचे सगळे बिंदू एका सरळ रेषेत बसवून सक्रियण ऊर्जा काढू नका. मध्ये यंत्रणा दोनदा बदलते, त्या रेषेला अर्थ उरत नाही.

आठवी पायरी: ज्योत आणि प्लाझ्मा

फर्नेसमध्ये टिकलेला पदार्थ पुढे ऑक्सि-अ‍ॅसिटिलीन ज्योतीसमोर धरतात. चाचणी स्वस्त आहे, थर्मल शॉक लगेच उघडा पडतो. पण ज्योतीत पाण्याची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड असतं, ऑक्सिजन नोझलच्या अंतराप्रमाणे बदलतो, आणि पाण्याची वाफ सिलिकाला वायुरूपात उडवते. म्हणून वायूंचं प्रमाण, अंतर आणि उष्णतेचा मारा लिहिल्याशिवाय ज्योतीचा निकाल कुणाशीच ताडता येत नाही.

उड्डाणाच्या सर्वांत जवळ जाते ती प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त आयनीभूत वायूच्या झोतातली, चाचणी. बेल्जियमच्या फॉन कार्मान इन्स्टिट्यूटमध्ये प्लाझ्माट्रॉन आहे, आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात प्लाझ्मा विंड टनेल आहे. अशा चाचण्यांत एक लक्षणीय गोष्ट आढळते: प्रवाह तोच ठेवूनही पृष्ठभागाचं तापमान अचानक काही शे अंशांनी उडी घेतं. वरची सिलिका उडून झिर्कोनिया उघडा पडला की पृष्ठभागावर ऑक्सिजनचे अणू जास्त प्रमाणात जुळू लागतात आणि त्या जुळण्याची उष्णता सँपलला मिळते. घटक निवडताना ही उडी लक्षात ठेवा. टँटॅलम डायसिलिसाइड घातलेल्या सँपलने १६२७ अंशांना ऑक्सिडेशन कमी केलं, पण १९२७ ला तो फायदा राहिला नाही, असं नासाच्या ग्लेन केंद्रातल्या प्रयोगांत २००४ मध्येच दिसलं होतं.

प्लाझ्माची वेळ मिळणं अवघड आणि महाग, तेव्हा अर्जासोबत याच वडीच्या फर्नेस चाचणीचे छेद, झिजेचे आकडे आणि घनता जोडा. सँपल होल्डरचं ड्रॉइंग आधी मागवून घ्या, त्या मापाची किमान तीन सँपलं एकाच वडीतून कापा आणि चौथं न तापवता डेसिकेटरमध्ये ठेवा, म्हणजे परत आलेल्या सँपलची तुलना करायला मूळ पदार्थ हाताशी राहील.